तुम्ही विचारलंत म्हणून: भाच्याशी मी अजून का बोलते

"त्याच्याशी अजून बोलता कशा?" हे मला लग्नाकार्यात विचारून झालंय, सकाळी फिरायला जाते तिथे, एकदा तर भाजीच्या गाडीपाशीसुद्धा. विचारणारे सगळे आपलेच, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले. भाचा मोबाइलवरून मुसलमानांविरुद्ध काय काय पुढे पाठवतो ते तुम्ही पाहिलंयत. 2022 च्या महालक्ष्म्यांना माझ्या घरी त्याच्यावरून तमाशा झाला हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझ्या हातून काय घडलं, ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी त्याला पाठीशी घालत नाही. उद्या त्यानं कुणावर हात उचलला तर मी स्वतः पोलीस ठाण्यात जाईन, आणि हे त्याला तोंडावर सांगितलंय.

2020 मध्ये त्याची पुण्याची नोकरी गेली आणि तो बहिणीकडे परत आला. दिवसभर वरच्या खोलीत, हातात फोन. आम्ही भेटलो की एकच विचारायचो, नोकरीचं काय झालं? ज्यांच्या टोळीत तो पुढे सामील झाला, त्या मुलांनी ते कधी विचारलं नाही. त्यांनी त्याला भाई म्हटलं, रात्री अकरा वाजता जेवलास का म्हणून फोन केले, रक्तदानाच्या शिबिरात पुढे उभं केलं. मुसलमानांबद्दलचं विष त्याच्या तोंडी आलं ते यानंतर. आधी त्याला माणसं मिळाली, मग त्या माणसांची मतं त्याची झाली. हे मला तेव्हा दिसलं नाही.

मला वाटलं, पोरगं वाचत नाही म्हणून बहकलंय. चौतीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. कागद समोर ठेवला की विषय संपतो, अशी माझी समजूत. जानेवारी 2021 मध्ये आपल्या दौलतगंजात गोडसे ज्ञानशाळा उघडली आणि दोन दिवसांत प्रशासनानं बंद केली. तो बंदीवर चिडला होता. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. 20 जानेवारी 1948 चा बॉम्बचा डाव फसला, मग गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला आले, इथून मिळवलेलं बेरेटा पिस्तूल घेऊन दिल्लीला गेले आणि 30 तारखेला प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या. याच कटाच्या खटल्यात लश्करातल्या डॉक्टर परचुऱ्यांना खालच्या कोर्टात जन्मठेप झाली, 1949 मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, हेही मीच सांगितलं, कारण अर्धा कागद दाखवणं मला जमत नाही. त्यानं नेमकं तेवढंच उचललं. "सुटले ना मग, मावशी?" असं आम्ही वर्षभर भांडलो. प्रत्येक वेळी मी जिंकले आणि प्रत्येक वेळी तो आणखी लांब गेला.

आता महालक्ष्म्यांचं.

आमच्या महालक्ष्म्यांची पोलकी आईच्या वेळेपासून एकाच दुकानात शिवली जातात. मास्टरजी आता सत्तरीचे असतील. त्या वर्षी त्यांना ताप होता, म्हणून पोलकी वेळेवर झाली नाहीत आणि जेवणाच्या दिवशी सकाळी मुखवटे जुन्याच पोलक्यांवर बसवावे लागले. दुपारी पहिली पंगत बसलेली असताना ते स्वतः पुडकं घेऊन आले. भाचा पंगतीत दाराजवळच्या पाटावर होता. तो बसल्या बसल्याच म्हणाला, "आज देवीचा दिवस आहे, ये यहाँ नहीं आएँगे." वीस माणसं होती. वाढणाऱ्यांचे हात थांबले.

मला जे सुचलं ते मी केलं. पाटाशेजारी त्याचा फोन उघडाच पडला होता. तो उचलला आणि त्याच सकाळी त्यानं पुढे पाठवलेला मेसेज मोठ्यानं वाचला. आपल्या भागातल्या कुठल्या दुकानांतून काही घ्यायचं नाही, त्याची यादी होती. रागाच्या भरात मी एकेक नाव ठासून वाचत गेले, बेकरी, चपलांचं दुकान, पंक्चरवाला, आणि पाचवं नाव वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते मास्टरजींच्या दुकानाचं आहे. मास्टरजी उंबऱ्याबाहेर उभे होते. हिंदीतच होती यादी, त्यांना शब्दन् शब्द कळला.

"दीदी, रहने दीजिए," एवढंच म्हणाले. वाकून पुडकं पायरीवर ठेवलं आणि गेले. वर्तमानपत्राचा कागद, पांढरा दोरा, एका पोलक्याच्या काठाला खडूची निळी रेघ तशीच राहिलेली. शिलाईचे पैसे द्यायचे राहिले.

भाचाही उठला. पानात पुरणपोळीचा एक घास तुटलेला, तुपाची वाटी भरलेली. बहिणीनं ते पान उचललं आणि माझ्याकडे न बघता आत नेलं. पुढचे सात महिने तो माझ्या घरी आला नाही. त्या काळात तो त्या मुलांमध्ये जास्त रुतला. "माझ्या मावशीनं मला चारचौघांत नागडं केलं" हे त्याचं वाक्य मला तीन जणांकडून कळलं.

नंतर मी वाचायला लागले, बाहेरच्या देशांत लोक यावर काय करतात ते. जर्मनीत 2000 पासून एक्झिट-डॉइचलांट नावाचं काम चालतं. बेर्न्ड वाग्नर नावाचा माजी पोलीस अधिकारी आणि इंगो हासेलबाख नावाचा माजी नवनाझी, या दोघांनी ते उभं केलं. ज्याला बाहेर पडायचंय त्याला ते हात देतात, ओढून कुणाला काढत नाहीत. 2011 मध्ये त्यांनी गेरा गावातल्या नवनाझींच्या गाण्याच्या जलशात कवटीचं चित्र असलेले अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले. पोरांनी ते खुशीनं नेले. घरी नेऊन धुतल्यावर वरचं चित्र गेलं आणि खालून मजकूर उमटला: तुझ्या टी-शर्टला जे जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते. ते वाक्य त्या पोराला घरी, धुण्याच्या वेळी दिसलं असणार. आजूबाजूला टोळी नाही, मान खाली घालावी लागेल असं कुणी समोर नाही. मी मात्र वीस जणांसमोर त्याला असं कोंडीत धरलं की मागे सरकायला जागाच उरली नाही.

म्हणून बोलते. तो आता गुरुवारी येतो, आमटीभात जेवतो, गाडी बिघडल्याचं सांगतो. वाद मी काढत नाही. त्यानं काढला तर एकदाच म्हणते, हे मला पटत नाही, आणि पुन्हा वाढते.

पण तेव्हाची मी आजच्या मला सोडत नाही. ती म्हणते, अपमान चारचौघांत झाला, मग जाब एकांतात का विचारायचा? म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवलं जात असताना तू भाच्याचं मन जपत बसली असतीस का? याला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा गप्प बसायला हवं होतं असं मी आजही म्हणणार नाही. फोन मात्र वाचायला नको होता. आणि त्याला धडा शिकवायच्या नादात मास्टरजींना काय ऐकावं लागेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. भांडण त्यांच्यासाठी होतं असं मी मानत होते, आणि त्या खोलीत त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

भाच्याशी बोलता कशा, असं सगळे विचारता. मास्टरजी तुमच्याशी बोलतात का, असं आजवर कुणीही विचारलं नाही. पैसे द्यायला मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी मोजून घेतले. अजून पोलकी तेच शिवतात, कापड मी नेऊन देते आणि आणायलाही मीच जाते. घरी या, असं दोनदा म्हटलं. ते मान हलवतात आणि मशीन सुरू करतात.

गेल्या गुरुवारी नवी पोलकी खुर्चीवर पडली होती, त्याच दुकानाच्या पिशवीत, वर दुकानाचं नाव छापलेलं. भाचा आला, पिशवी उचलली, नाव वाचलं. मग ती टेबलावर नीट ठेवली आणि बसला. म्हणाला, "मावशी, आज आमटी कुठली?"

मी म्हटलं, चिंचगुळाची.