संच घ्यावा की सुटा गेम?

"सर, सात गेमचा संच 640 रुपयांत देतायत. एवढ्या स्वस्तात विकून त्यांना काय मिळतं? आणि आपण फसत तर नाही ना?"

मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो आणि कॉम्प्युटरवर गेमही खेळतो. मुलांना हे ठाऊक असल्यामुळे सेल लागला की हा प्रश्न मला जिन्यात गाठतोच. या वेळी तो एका मुलीनं विचारला. जिन्यात उत्तर पुरं होत नाही. म्हणून आज नीट लिहितो.

आधी गणित. एका घरात बहीण-भाऊ आहेत. बहिणीच्या मते कोड्यांचा गेम 500 रुपयांचा आणि रेसिंगचा 200चा. भावाचं नेमकं उलट. प्रत्येक गेम 500ला ठेवला तर दोनच प्रती खपतात, हाती 1000 येतात. 200ला ठेवला तर चारही खपतात, पण येतात 800. आता दोन्ही मिळून 600ला द्या. दोघंही घेतात, विकणाऱ्याला 1200 मिळतात आणि प्रत्येकाच्या मनातल्या 700 पैकी 100 वाचतात. जास्तीची प्रत द्यायला जवळपास काही खर्च नाही, म्हणून गेमच्या बाबतीत हे इतकं सहज जमतं. दिवाळी अंकांच्या संचावर सवलत देणाऱ्याला प्रत्येक अंकाचा कागद आणि छपाई सुटत नाही.

जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1963 मध्ये हेच गणित चित्रपटांच्या बाबतीत मांडलं होतं. तिथले स्टुडिओ थिएटरांना चित्रपट गठ्ठ्यानं घ्यायला लावत, त्याचं कारण तो शोधत होता. गणिताची खुबी आवडी वेगळ्या असण्यात आहे. भावालाही कोड्यांचाच गेम 500चा आणि रेसिंगचा 200चा वाटला असता, तर सुटे विकून जेवढे मिळाले असते तेवढेच संचातून मिळाले असते.

पण इथे थांबू नका. याच संचाची किंमत 690 ठेवली तरी दोघं घेतील. तेव्हा वाढलेला फायदा जवळजवळ सगळा विकणाऱ्याकडे जाईल. आणि दोन्ही गेम 200ला सुटे मिळत असते तर मुलांचं भलं त्यातच सगळ्यात जास्त होतं. म्हणून "संच म्हणजे ग्राहकाचा फायदा" हे वाक्य मी वर्गात कधी मान्य करत नाही. लावलेली किंमत बघा, आणि तोच गेम सुटा मिळतो का ते बघा. सुटा मिळत असेल तर संच हा एक जादा पर्याय आहे. मिळत नसेल तर ती सक्ती आहे.

विकणाऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट गणितात दिसत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. 2007 साली व्हॉल्व्ह या अमेरिकी गेम कंपनीनं 'ऑरेंज बॉक्स' हा संच काढला. त्यात 'हाफ-लाइफ 2' आणि त्याचे पुढचे दोन भाग होते, 'टीम फोर्ट्रेस 2' होता आणि 'पोर्टल' नावाचा एक छोटा, काही तासांत संपणारा कोड्यांचा गेम होता. लोकांनी संच घेतला तो बहुधा मोठ्या नावांसाठी. पण 'पोर्टल' असा गाजला की त्याचा पुढचा भाग 2011 मध्ये स्वतंत्र आणि मोठा गेम म्हणून आला. कोणी नाव न ऐकलेल्या गेमला संच असा थेट घरात नेतो.

त्याहून धाडसी प्रयोग 2010च्या मे महिन्यातला. वुल्फायर या छोट्या स्टुडिओनं 'हम्बल इंडी बंडल' हा संच काढला. 'वर्ल्ड ऑफ गू' आणि 'अक्वेरिया' धरून पाच गेम, कॉपी रोखणारं कुलूप न लावलेले, आणि किंमत ग्राहकानं ठरवायची. पैशांतला किती वाटा गेम बनवणाऱ्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना, तेही ग्राहकच ठरवणार. काहींनी एकच सेंट दिला. तरीही सुमारे 1 लाख 38 हजार लोकांकडून 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, म्हणजे माणशी साधारण नऊ डॉलर. तो आकडा मी आजही वर्गात सांगतो आणि सांगताना आनंद होतो.

मग तोटा कुठे? वेळ चुकण्यात. माझा एक माजी विद्यार्थी आता छोट्या चमूत गेम बनवतो. तो म्हणाला, "सर, पहिलं वर्ष पूर्ण किमतीचं. मग सेल. संच सगळ्यात शेवटी." कारण गेम एकदा संचातून पन्नास-साठ रुपयांच्या हिशेबानं गेला, की लोकांच्या मनात त्याची तीच किंमत बसते, आणि पुढच्या गेमलाही ते पुढच्या संचापर्यंत थांबतात. त्यातच संचातल्या गेमचे कोड (गेम सुरू करायच्या 'की') विकत घेऊन दुसरीकडे चढ्या भावानं विकणारे असतात. त्यांचा नफा बनवणाऱ्याच्या घरी पोचत नाही. पुण्यात नॉडिंग हेड्स या स्टुडिओनं 'राजी' हा गेम बनवला, तसे गेम आपल्याकडे आणखी बनावेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पहिल्या वर्षी पूर्ण किंमत मोजणारे लोक लागतात. आवडत्या गेमच्या बाबतीत मी तसंच करतो.

घेणाऱ्याचा तोटा साधा आहे: न खेळलेले गेम. सातांतले दोनच खेळणार असाल तर 640ला दोनानं भागा, सातानं नव्हे. आणि स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानातून घेत असाल तर तिथली सोय नीट वाचा. तिथल्या बहुतेक बंडलमध्ये, म्हणजे संचात, आधीच तुमच्याकडे असलेल्या गेमचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत, उरलेल्यांवर बंडलची सवलत मिळतेच, आणि ती चालू सेलच्या वर मिळते. म्हणजे 500चा गेम सेलमध्ये 250ला आणि त्यावर बंडलचे दहा टक्के सुटून 225ला. आज एक गेम सुटा घेतला म्हणून उद्या बाकीचे महाग पडतीलच असं नाही.

त्या मुलीला मी यादी काढायला लावली. सातांतले तीन तिला खरंच हवे होते, पैकी एक तिच्याकडे होता. उरलेले दोन सेलमध्ये सुटे 310ला पडत होते. तिनं ते घेतले, आणि त्यातल्या एकाच्या शेवटाबद्दल काल जिन्यात माझ्याशी अर्धा तास बोलत होती.