डब्यावर 'स्थलांतर' असं लिहिलेलं नसतं

जुन्या फिल्मांत हवामानबदल आणि स्थलांतर यांची दृश्यं शोधायची होती, म्हणून संग्रहाच्या सूचीत 'हवामानबदल' टाकून आम्ही शोध घेतला आणि हाती शून्य आलं. साहजिकच होतं. १९५०-६०च्या फिल्मांची नोंद करताना हा शब्द कुणी वापरतच नव्हतं. मग शब्द बदलले: पाटबंधारे, वीज, मलेरिया, मृद्संधारण, पुनर्वसन, दुष्काळी कामं. धरणाच्या फिल्ममध्ये उठलेलं गाव अर्धा मिनिट दिसतं आणि मथळ्यात त्याचा पत्ता नसतो. म्हणून शॉटवार नोंदी आणि निवेदनाची संहिताच वाचत बसलो.

डबा उघडला की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचा प्लॅस्टिकचा पाया, कुजायला लागलंय. नाकावर भिस्त न ठेवता ए-डी पट्टी (आम्ल लागलं की रंग बदलणारी कागदी पट्टी) बंद डब्यात २४ तास ठेवली. ती निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होते. पट्टीच्या रंगावरून ठरणारी पातळी १.५ ओलांडलेलं रीळ आधी स्कॅनला, कारण तिथून पुढे कुजणं स्वतःच वेग घेतं.

नंतर आकसणं. १६ मि.मी. रुंद फिल्मच्या १०० फ्रेम लांबीत ७६२ मि.मी. भरायला हव्यात. ७५४ भरल्या म्हणजे १ टक्का गेला. असं रीळ प्रोजेक्टरवर चढवलं तर त्याचे दाते फिल्मच्या कडेची छिद्रं फाडतात, तेव्हा दाते नसलेला स्कॅनरच हवा. वाळलेले टेपचे जोड त्याआधी हातानं बदलले; सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

जुन्या रंगीत प्रतींत निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि नदी गुलाबी दिसते. रंग सुधारताना ती निळीशार करायचा मोह होतो, पण पुराचं पाणी मुळातच गढूळ असतं. आम्ही आभाळ आणि पांढरे कपडे धरून रंग जुळवले.

साल ठरवताना मात्र फसायला होतं. फिल्मच्या कडेवर साल सांगणाऱ्या कोडॅकच्या खुणा असतात, पण त्या २० वर्षांनी पुन्हा येतात: १९३६ची, १९५६ची आणि १९७६ची एकच. शिवाय ते साल कच्च्या फिल्मचं असतं, चित्रीकरणाचं नव्हे. प्रतीवर दोन वेगळ्या खुणा असतील तर एक निगेटिव्हवरून उतरलेली असू शकते. पुराचे शॉट तर सर्रास उसने घेतलेले असतात. शॉट बदलताच निगेटिव्हची खूणही बदलली, तर निवेदक सांगतो तो पूर पडद्यावरचाच आहे, असं धरून चालत नाही.