एका खाटेभोवती तीन अभ्यासक्रम

कोपरखैरणे, गुरुवार

आजच्या गृहभेटीला परिचर्या अभ्यासक्रमाची मी, फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी, औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि आमच्या मार्गदर्शक डॉक्टर असे एकत्र गेलो होतो. सिडकोच्या बैठ्या घरात राहणारे आजोबा अलीकडे दोनदा, दोन्ही वेळा रात्री लघवीला उठल्यावर, मोरीच्या उंबऱ्यापाशी पडले होते. केसपेपरवर मात्र 'पायांत अशक्तपणा' एवढीच नोंद होती.

पायांची ताकद वयाच्या मानाने चांगली निघाली. खाटेवरून उठताच आजोबा भिंतीला हात लावतात, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने हेरले आणि मला रक्तदाब मोजायला सांगितले. आडवे असताना वरचा आकडा १३८ होता, तो उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत ११० वर आला. या अवधीत २० किंवा त्याहून अधिक उतार पडला, तर तो दखल घेण्याजोगा मानतात. तोवर आजींनी गोळ्यांचा डबा पुढे केला होता. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी एका डॉक्टरांची, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन दुसऱ्यांचे, आणि दोन्ही रात्रीच्या जेवणानंतर एकदमच घेतली जात होती. पहिलीने शरीरातील पाणी कमी होते आणि झोपेतून उठावे लागते. दुसरीने रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात, त्यामुळे उभे राहताना दाब घसरू शकतो, हे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थिनीने आम्हाला तिथेच समजावले. मार्गदर्शक डॉक्टरांनी लगेच दोन्ही डॉक्टरांना फोन केला आणि लघवीची गोळी सकाळी घेण्याचे ठरले.

आम्ही तिघे वेगवेगळ्या दिवशी गेलो असतो, तर तीन वह्यांत तीन अचूक नोंदी झाल्या असत्या आणि आजोबा कदाचित पुन्हा पडले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे असे म्हटले आहे. माझ्या मते त्यासाठी एकाच वेळी एकाच घरात असणे अपरिहार्य आहे, कारण भिंतीला टेकलेला हात आणि गोळ्यांचा डबा रुग्णालयात एकत्र दिसत नाहीत. शिवाय आजींना सारी हकीकत एकदाच सांगावी लागली, हेही मला फार मोलाचे वाटते.

यापुढे तिघांनी मिळून एकच नोंद लिहावी, अशी विनंती आम्ही विभागाला केली आहे. पुढच्या गुरुवारी रक्तदाब पुन्हा दोन्ही स्थितींत मोजायचा आहे, आणि मोरीजवळ धरायला दांडी बसवण्याविषयी आजोबांच्या मुलाशी बोलायचे आहे.