सही केलीय ना?

"फॉर्मवर सही केलीय ना तुम्ही?"

जिममध्ये लॅट पुलडाऊनची (वरचा दांडा खाली ओढायच्या मशीनची) केबल तुटून दांडा शेजारच्या पोराच्या खांद्यावर आदळला आणि ट्रेनरचं पहिलं वाक्य हे. बर्फ नंतर आला.

केबलवरचं प्लास्टिक फाटून आतल्या तारा बाहेर आलेल्या. त्यावर कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. म्हणजे माहीत होतं! मशीनला पट्टी, मेंबरला सही.

फॉर्मवर बारीक अक्षरात असतंच, 'दुखापत झाल्यास जिम जबाबदार नाही'. वाचतं कोण? पण त्या सहीने तक्रारीचा हक्क काही संपत नाही. फी भरली की आपण ग्राहक. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल भरपाई मागता येते, मुदत २ वर्षं. भरलेली फी ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्कही नाही. जिमची फी तेवढी नसते (अजून तरी).

पुरावा मात्र लागतो. मी त्या पट्टीचे फोटो काढून पोराला पाठवले, एक्स-रेची पावती जपून ठेव म्हटलं.

तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा, वर्षाची फी भरलीय. वाकडं कशाला घ्यायचं?"