२३ की ४६?

सायकलीच्या हब मोटरला (चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरला) नवा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, जोडला आणि पहिल्याच चक्करीत स्क्रीनवर ताशी १२ किलोमीटर वेग दिसू लागला; कानांवर आदळणारा वारा मात्र वेगळेच सांगत होता. चूक माझीच होती. कंट्रोलरच्या सेटिंगमधला रकाना पोलच्या, म्हणजे मोटरमधल्या चुंबकीय ध्रुवांच्या, जोड्यांचा होता आणि मी त्यात चुंबकांची संख्या, म्हणजे ४६, भरली होती. एक उत्तर व एक दक्षिण मिळून एक जोडी होत असल्याने तेथे २३ हवे होते.

कंट्रोलरला चाकाचे फेरे थेट कळत नाहीत, त्याला कळतात ती विद्युत आवर्तने. एका फेऱ्यात पोलच्या जितक्या जोड्या तितकी आवर्तने होतात, म्हणून तो आवर्तनांना त्या संख्येने भागून वेग काढतो. भाजक दुप्पट झाला की दिसणारा वेग निम्मा होतो आणि वेगमर्यादा ताशी २५ची ठेवूनही सायकल ५०पर्यंत जाण्यास मोकळी राहते. धोका खरा येथे आहे.

मोटर न उघडताही जोड्या मोजता येतात. चाक अधांतरी ठेवून आणि थ्रॉटलची जोडणी काढून मी कंट्रोलर चालू केला, मल्टिमीटरची काळी तार हॉल सेन्सरच्या (मोटरमधले चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरच्या) ग्राउंडला व लाल तार एका सिग्नलला लावली आणि चाक अगदी सावकाश फिरवले. आकडा शून्याजवळून ५ व्होल्टकडे उडी घेतो, पुन्हा खाली येतो. अशी एक उडी म्हणजे एक जोडी. ट्यूबचा व्हॉल्व्ह फिरून मूळ जागी येईपर्यंत २३ उड्या झाल्या. (पहिल्या खेपेस १७वर मोजणी चुकली, मग प्रत्येक उडीला टायरवर खडूची रेघ ओढली.)

गिअर असलेल्या हब मोटरमध्ये ही संख्या गिअरच्या गुणोत्तराने वाढलेली मिळते, शिवाय आतल्या फ्रीव्हीलमुळे (एकाच दिशेने जोर पोचवणाऱ्या यंत्रणेमुळे) चाक उलटे फिरवावे लागते. स्टेटरवरील (मोटरच्या न फिरणाऱ्या भागावरील) वेटोळी मोजण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यांची संख्या पोलइतकी असतेच असे नाही.

२३ भरल्यावर टॅकोमीटरने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, पडताळणी केली. २६ इंची चाकाचा माझ्या टायरसह परीघ सुमारे २.०७ मीटर आहे, त्यामुळे मिनिटाला २०० फेरे म्हणजे ताशी जवळपास २५ किलोमीटर. अधांतरी चाकावर टॅकोमीटर २०० दाखवत असताना स्क्रीनवरही २५च होते.