हाताने आटे पाडताना टॅप सरळ कसा ठेवायचा

टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारं हत्यार, वाकडा गेलाय हे बहुतेक वेळा बोल्ट बसवताना कळतं. एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या, बोल्टचं षटकोनी डोकं १३ मिमी रुंद असतं. आटे एकच अंश कलले तरी त्या डोक्याच्या एका कडेखाली जवळपास पाव मिलिमीटर फट राहते. मग बोल्ट आवळताना तो स्वतःच थोडा वाकतो आणि पुढे कधीतरी मानेजवळ तुटतो.

तीन टॅपच्या सेटमधल्या पहिल्या, म्हणजे टेपर टॅपचे टोकाकडचे सात ते दहा आटे निमुळते असतात. सुरुवातीला त्यातल्या दोन-तीन आट्यांचीच धार काय ती लागलेली असते आणि टॅप कुठेही कलू शकतो. पण एकदा चार-पाच फेऱ्या झाल्या की तो स्वतःच पाडलेल्या आट्यांना धरून आत ओढला जातो, आणि मग त्याला वळवता येत नाही. म्हणून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा तो दीड-दोन फेऱ्या झाल्यावर, तोही दोन जागी, एकमेकींशी काटकोनात. टेकवायचा शँकला, म्हणजे टॅपच्या आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्याला. आट्यांच्या निमुळत्या भागाला टेकवलात तर तो फसवणारच. टॅप फिरवायचं हँडल आड येतं, तेवढ्यापुरतं काढून ठेवा.

कललेला दिसला तर अर्धी फेरी मागे घ्या आणि पुन्हा पुढे फिरवताना हव्या त्या बाजूला हलका दाब द्या. दाब फिरतानाच द्यायचा. थांबलेल्या टॅपला आडवं ढकललं की तो तुटतो, कारण टॅपचं पोलाद कडक असलं तरी ठिसूळ असतं. सहाव्या-सातव्या फेरीला चूक लक्षात आली तर सरळ करायच्या फंदात पडूच नका. एका बाजूचे आटे खरवडले जातील किंवा टॅप आत राहील.

गुण्या ज्या पृष्ठभागावर ठेवता तोच खडबडीत किंवा उतरता असेल तर मापाला अर्थ नाही. ओतीव भागावर आधी भोकाभोवती सपाट जागा करून घ्यावी लागते.

खरं तर सरळपणाचं अर्धं काम भोक पाडतानाच होतं. टॅप भोकाच्या दिशेनेच जातो, त्यामुळे हाताच्या ड्रिलने वाकडं पडलेलं भोक टॅपने सुधारत नाही. भोकाचं माप म्हणजे बोल्टच्या व्यासातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा: एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५.०, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५ मिमी. एम६ ला ५.० च्या भोकात आट्याची खोली पूर्ण खोलीच्या साधारण ७७ टक्के मिळते, ५.२ च्या भोकात ६२ टक्के. स्टीलमध्ये, आणि भोक व्यासाच्या दीडपट किंवा जास्त खोल असेल तर, मी बेधडक ५.२ वापरेन. जोर कमी लागतो, आणि जोर कमी तर हात कमी डगमगतो. तोंडाला ९० अंशाचं काउंटरसिंक (शंकूसारखा उतार) बोल्टच्या व्यासाहून किंचित मोठं करा. टॅप मध्यावर बसतो आणि कडेला बर (धारदार कंगोरा) उठत नाही.

ड्रिल मशीन असेल तर सगळ्यात सोपी वाट हीच: भोक पाडून झालं की काम पकडणारा व्हाइस हलवू नका. प्लग काढा, चकमध्ये (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात) ड्रिलच्या जागी टॅप धरा, चक हाताने फिरवत हलक्या दाबाने तीन-चार फेऱ्या घ्या, मग चक सोडून हँडलने पुढे जा. मोठा टॅप चकमध्ये घसरतो. त्याच्या शँकच्या मागच्या टोकाला बहुधा सेंटरचं भोक (मध्यावरचा शंकूसारखा खळगा) असतं. चकमध्ये ६० अंशाची टोकदार सळई धरून ते टोक त्यात टेकवा आणि टॅप हँडलने फिरवा. टॅप खाली सरकेल तसा मशीनचा लिव्हर सोबत खाली आणत राहायचं. दोन हात अपुरे पडतात, म्हणून या सळईला स्प्रिंग बसवलेली बरी. १६ मिमी सळईत ८ मिमीचं भोक, त्यात सरकणारी ८ मिमीची टोकदार पिन, मागे मऊ स्प्रिंग, आणि पिन निसटू नये म्हणून कडेच्या खाचेत एक आडवी खीळ. पिनच्या दुसऱ्या टोकाला सेंटरचं भोक ठेवलं की मागून टोकदार असलेले छोटे टॅपही चालतात. लेथवर हेच काम टेलस्टॉक, म्हणजे समोरून आधार देणारा सरकता भाग, करतो.

जॉब, म्हणजे ज्यात आटे पाडायचे ती वस्तू, मशीनखाली मावत नसेल तर भोकावर ठेवून टॅप सरळ धरणारा ठोकळा. २५ मिमी जाडीच्या स्टीलच्या तुकड्यात, खालची बाजू मशीनच्या टेबलावर सपाट ठेवून, टॅपपेक्षा ०.१ मिमी मोठी भोकं पाडा. एम६ ला ६.१. तेवढ्या ढिलाईने टॅप पाव अंशाच्या आतच कलू शकतो. एम३, एम४ चे टॅप आखूड असल्याने त्यांना १२-१५ मिमी जाडी पुरते. आधी टेबल स्पिंडलशी (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याशी) काटकोनात आहे ना ते तपासा, नाहीतर ठोकळा प्रत्येक भोक इमानेइतबारे वाकडं करेल. गोल सळईत आडवं भोक असेल तर ठोकळ्याच्या खाली व्ही खाच करा. तिचा मध्य आणि भोकाचा मध्य एकाच रेषेत हवा.

हँडल दोन्ही हातांनी, सारख्या जोराने. एका हाताने लांब दांडा ओढला की टॅप त्या बाजूला झुकतोच. एम५ पर्यंत छोटं टी-हँडल बरं, कारण बोटांना अडकल्याचं लगेच कळतं. साध्या टॅपला अर्ध्या-अर्ध्या फेरीला पाव फेरी मागे घेऊन चीप (कापलेल्या धातूचा कीस) तोडा. स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनिअमला रॉकेल, बीड कोरडंच. ब्लाइंड होल, म्हणजे आरपार नसलेलं भोक, असेल तर भोक हव्या त्या आट्यांपेक्षा निदान पाच पिच जास्त खोल पाडा, मध्ये दोन-तीनदा टॅप पूर्ण बाहेर काढून चीप झटका, आणि बॉटमिंग टॅप (तळापर्यंत आटे पाडणारा, सेटमधला शेवटचा) शेवटीच घाला. तो सुरुवातीला घातला तर त्याचे जेमतेम एक-दोन आटेच निमुळते असल्याने तो धड धरतही नाही आणि सरळही राहत नाही.