चांगथांगमध्ये भूकंपमापक बसवताना: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, तर लेह 3,500 मीटरवर; त्यामुळे विमानाने थेट उतरणाऱ्या आपल्या वैदर्भीयांनी पहिले दोन दिवस कामाला हातही लावू नये. याच काळात लेहमध्ये चांगथांगसाठी लागतील ते परवाने काढून घ्यावेत. सिमकार्ड पोस्टपेडच न्यावे, कारण बाहेरचे प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

चांगथांग हे तिबेटच्या पठाराचे पश्चिमेकडील, लडाखमध्ये शिरलेले अंग आहे. या पठाराखाली भूकवचाची जाडी सुमारे 70 किलोमीटर, म्हणजे नागपूरखालच्या कवचाच्या जवळजवळ दुप्पट आहे. भारतीय भूपट्ट त्याखाली कुठवर आणि कसा शिरला आहे, या प्रश्नावर 1992 मध्ये सुरू झालेल्या इंडेप्थ आणि 2002 ते 2005 मधील हाय-क्लाइंब या भूकंपशास्त्रीय मोहिमांनी पुष्कळ प्रकाश टाकला. तरी पठाराच्या या बाजूला अजून बरेच काम करण्यासारखे आहे. दूरच्या भूकंपाची प्राथमिक लहर कवचाच्या तळाशी, म्हणजे मोहोपाशी, अंशतः दुय्यम लहरीत बदलते आणि ही दुय्यम लहर किंचित मागाहून पोचते. नागपूरसारख्या ठिकाणी हे अंतर चार-पाच सेकंदांचे, तर पठारावर आठ-नऊ सेकंदांचे असते. या अंतरावरून एका केंद्राच्या खाली मोहो किती खोल आहे ते कळते. मोहोचा उतार दिसायला मात्र केंद्रांचे जाळेच लागते.

खड्डा शक्यतो उघड्या खडकापर्यंत खणावा, तळाशी सिमेंटचा ओटा करावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच सेन्सर ठेवावा. सेन्सरवरील खूण खऱ्या उत्तरेला लावताना होकायंत्राची सुई दाखवते ती दिशा तशीच धरू नये. लहरींमधील हे अंतर एकाच केंद्रावर मोजले जात असल्याने तिथे घड्याळातील लहानशी चूक खपते, पण दिशेची चूक आडव्या घटकांची (सेन्सर उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी हालचाल तीन घटकांत नोंदवतो) सरमिसळ करते आणि मोहोचा उतार खोटाच दिसू लागतो. टोमोग्राफीसाठी, म्हणजे अनेक केंद्रांवर लहरी पोचण्याच्या वेळांवरून भूगर्भाचे चित्र काढण्यासाठी, मात्र घड्याळ अचूक हवेच, तेव्हा जीपीएस अँटेनाला मोकळे आकाश मिळेल असे पाहावे. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून ती सेन्सरशेजारी जमिनीत पुरून वर थर्माकोल आणि माती घालावी. सौरपट्टी तिरकी बसवावी, नाहीतर तिच्यावर बर्फ साचून राहतो. जागा चांगपा मेंढपाळांना विचारूनच निवडावी. कळपांची वाट त्यांनाच ठाऊक असते, आणि मेंढ्या-याक जवळून गेले की नोंदीत त्याचा गोंगाट उमटतो.

निघण्यापूर्वी खड्ड्याजवळ एक जोरदार उडी मारावी आणि तिन्ही घटकांवर ती उमटली का, हे पडद्यावर पाहूनच झाकण लावावे.